सुनंदाचं जेम्सटाउन

सुनंदा, क्रेमेटोरियममध्ये आपल्याला अर्धाच तास मिळाला. बाहेर पुढच्या कुटुंबाची माणसं काळ्या कोटांत ताटकळत होती आणि तिथला तो टायवाला माणूस सारखा दारातून डोकावत होता. लंडनहून आलेल्या भन्तेंनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, आम्ही त्यांच्यामागून म्हटलं. तुझे विलासराव बोलायला उभे राहिले, "सुनंदा" एवढंच म्हणाले आणि खाली बसले. मागून कोणीतरी माझ्या खांद्याला हात लावून म्हणालं, तुम्ही बोला ना दोन शब्द, तुम्ही तिच्या जवळच्या. मी उठले नाही. अर्ध्या तासात तुझं एक वाक्य संपत नसे, त्यात माझे दोन शब्द कुठे मावणार होते?

म्हणून आता लिहायला बसलेय. तुझं शिक्षण, नोकरी, समाजकार्य वगैरे सगळं इथल्या मराठी मंडळाच्या वार्तापत्रात आलंय, फोटोसकट. फोटो वाईट आहे. तू त्यात हसतेयस, आणि कॅमेऱ्यासमोर हसलीस की तू नेहमी दुसरीच कोणीतरी दिसायचीस. मला त्यातलं काही सांगायचं नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, ते पुरं करायचंय. तू भांडण अर्ध्यात टाकून जाणारी बाई नव्हतीस, त्यामुळे हे मला मुळीच मान्य नाही.

भांडण कशावरून, हे तुला सांगायला नको. पण हे दुसरंही कोणी वाचेल, आणि त्याला वाटेल की दोन बायका म्हणजे जावा-भावजयांवरून भांडत असतील. आपण भांडत होतो ते चारशे वर्षांपूर्वी अमेरिकेत उतरलेल्या इंग्रजांवरून. तेही लंडनजवळच्या स्लाऊमध्ये, सुपरमार्केटच्या कार पार्कात, ट्रॉलीत भिजणाऱ्या कोथिंबिरीसह.

सुरुवात तूच केलीस. रविवारच्या मराठी शाळेचं स्नेहसंमेलन आलं, आणि दरवर्षीप्रमाणे मावळे, भवानी तलवार आणि पुठ्ठ्याचा किल्ला निघणार म्हणून मी माळ्यावरून खोकी काढायला घेतली. तू म्हणालीस, राहू दे ती खोकी, यंदा जेम्सटाउन करू. मला वाटलं एखादं फ्यूजन डान्स-बिन्स असेल. तू दिवसभर सेकंडरी स्कूलमध्ये हिस्ट्री शिकवायचीस आणि रविवारी पुन्हा इतिहासच शिकवायचीस, तरी तुझं पोट भरत नसे.

"ही पोरं इथं जन्मली, इथंच नोकऱ्या करतील," तू पालकांना म्हणालीस. "इंग्रज घराबाहेर पडले, ते पहिल्यांदा कुठं जाऊन बसले आणि कसे बसले, हे त्यांना नको कळायला? आपल्या सुरतेला वखार घातली ना, त्याच्या थोडंच आधी हे लोक तिकडे व्हर्जिनियात, जेम्सटाउनला चूल मांडायला गेले होते."

पालकांनी माना डोलावल्या. तुझ्यापुढे दुसरं काही करायची सोय नसायची. मग पात्रं ठरवताना इशा पुढे आली, दहा वर्षांची, दोन पुढचे दात मोठे. "सुनंदामावशी, मला इंग्लिश माणूस कर. मी तर इंग्लिशच आहे, मी बर्कशरमध्ये बॉर्न झाली." तू इतकी हसलीस की खुर्चीला धरून उभी राहिलीस. तिला सरळ कॅप्टन केलंस.

मग तू मुलांना गोष्ट सांगितलीस. मीही मागच्या बाकावर बसून ऐकली, कारण खरं सांगायचं तर मला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. तीन जहाजं लंडनहून निघाली. त्यांतून उतरलेल्यांपैकी कितीतरी जण जंटलमन, म्हणजे जन्मात कुदळ न धरलेले. ते सोनं शोधायला आले होते, शेत करायला नाही. जागा निवडली तीही दलदलीची, नदीचं पाणी खारट, त्यात तापाची साथ. आणि नेमका दुष्काळ. तिथल्या जुन्या झाडांच्या खोडांतली वर्तुळं लोकांनी तपासली आहेत, तू म्हणालीस, त्या वर्षांची वर्तुळं इतकी बारीक की झाड वाढायचं विसरलं असावं. पुढे एका हिवाळ्यात त्यांनी घोडे खाल्ले, कुत्री खाल्ली, उंदीर खाल्ले, बुटांचं कातडं उकळून खाल्लं. मुलं आनंदाने "ईऽऽ" करून ओरडली. एकाने विचारलं, केचप होता का? तू गंभीरपणे म्हणालीस, केचपही संपला होता.

इथवर सगळं छान होतं. आपलं वाजलं ते शेवटच्या प्रवेशावरून.

तुझा शेवट असा होता. दुष्काळाचं वर्ष. कॅप्टन बंदूक घेऊन तिथल्या मूळ लोकांच्या वस्तीत येतो, मका मागतो. लोक म्हणतात, आम्हालाच नाही. मग तो घराघरांत शिरतो. एक म्हातारी टोपली पोटाशी धरून बसलेली असते. ती म्हणते, "हे खायचं नाही. हे पुढच्या वर्षीचं आहे." कॅप्टन टोपली घेतो. अंधार. ना गाणं, ना टाळ्यांसाठी थांबणं, काही नाही.

माझा शेवट काय होता, तेही लिहिते. म्हातारी टोपली उघडते, सगळे चटईवर गोल बसतात, मक्याची भाकरी मोडून वाटून खातात, आणि पडदा. आईबाप डोळे पुसतात आणि बटाटेवड्यांच्या रांगेत जाऊन उभे राहतात.

"हे घडलं नाही," तू म्हणालीस.

"काही ठिकाणी घडलंच असेल की. सुरुवातीला त्यांनी खायला घातलंच ना?"

"घातलं. आल्यापासून घालत होते. म्हणून शेवट तो नाही."

"अगं, दहा वर्षांची पोरं आहेत ती."

"दहा वर्षांच्या पोराला उपास चांगला कळतो."

"कुणाच्या पोराला? आपल्या पोरांना स्नॅक टाइम कळतो फक्त."

"म्हणूनच," तू म्हणालीस, आणि माझी ट्रॉली ढकलत पुढे निघालीस. तुझी मागेच राहिली होती. मी ती घेऊन तुझ्यामागे धावले आणि धावता धावता म्हटलं, उपाशी माणूस दारात आला तर त्याला वाढायचं नाही का? तू थांबलीस. तुझा आवाज बदलला होता. चिडलीस की तुझ्या तोंडात बीडकडची भाषा यायची, तशी आली.

"भाकर माग की. घरात असंल ती अर्धी मोडून देईन. बियाणं मागू नाही, मीनल. बियाणं मागितलं की मग तू पाहुणी नाहीस."

मी म्हटलं, म्हणजे आपण कोण मग? आपणही आलोच की दुसऱ्याच्या देशात. तू म्हणालीस, आपण बंदूक घेऊन नाही आलो, व्हिसा घेऊन आलो, आणि बाई, व्हिसाच्या ऑफिसात माझे बोटांचे ठसे उमटेनात म्हणून मला परत बोलावलं होतं. मग दोघी हसलो. पण तू तसूभर हलली नाहीस, आणि मीही नाही.

त्यानंतर ती राखेची भानगड झाली. तालमीला तू म्हातारीच्या टोपलीत मका घातलास आणि त्यावर राख पसरलीस. राख कुठून आणलीस, तर शेजारच्या बार्बेक्यूमधून. म्हातारी झालेल्या अनन्याने टोपली उघडली, शिंकली, आणि सगळी राख कॅप्टनच्या तोंडावर. मी म्हटलं, मॅडम, व्हर्जिनियात राख कुठून आली? कुठल्या पुस्तकात आहे? एरवी तू मुलांच्या शर्टाची बटणंसुद्धा त्या काळातली आहेत की नाहीत ते बघायचीस. मुलांच्या शाळेतल्या पुस्तकातली एक चूक सापडली म्हणून तू प्रकाशकाला ईमेल केलेला मला माहीत आहे. आणि इथे तू नुसती म्हणालीस, "असंल तिथंही काहीतरी." आणि टोपलीत पुन्हा राख घातलीस. मी पुढे कितीतरी दिवस तुला त्यावरून चिडवलं. तू एकदाही चिडली नाहीस, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं, पण खटकलं नाही.

मग तू आजारी पडलीस, आणि सगळं फार भराभर झालं. हॉस्पिटलात मी डब्यातून मऊ भात आणि मेतकूट घेऊन आले होते. तू दोन घास खाल्लेस आणि डबा झाकून ठेवायला सांगितलास, नंतर खाते म्हणून. नंतर खाणार नाहीस, हे आपल्या दोघींना दिसत होतं. तुझ्या बांगड्या काढून ठेवल्या होत्या आणि मनगट इतकं बारीक झालं होतं की मी त्याकडे बघायचं टाळत होते. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, तू इथे पडून आहेस तोवर मी शेवट बदलून टाकते, चटई पण आणलीये.

"माझा शेवट बदलू नको."

"मग बरी होऊन ये आणि अडव मला."

"येते. बघतेच तुझ्याकडं," तू म्हणालीस आणि डोळे मिटलेस. हे आपलं शेवटचं बोलणं. यापेक्षा बरं काही बोलता आलं असतं असं लोक म्हणतील. मला तसं वाटत नाही. भांडताना तू मला सगळ्यात जास्त तुझ्यासारखी वाटायचीस.

तू गेल्यावर मंडळाचं म्हणणं पडलं की नाटक रद्द करावं. विलासरावांनी मात्र नाटक करा म्हणून निरोप पाठवला. म्हणजे आता शेवट माझ्या हातात होता. माझं मत तेच होतं, चटई डिकीत होती, आणि अडवायला तू नव्हतीस. सुनंदा, इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मी विलासरावांकडे गेले. तुमच्या घरात तुझा चष्मा अजून टीव्हीवरच्या फळीवर आहे, आणि विलासराव चहात साखर घालायला विसरतात, कारण ती तू घालायचीस. मी त्यांना तुझा शेवट, माझा शेवट, सगळं सांगितलं. बोलता बोलता राखेचंही सांगितलं, त्यांना जरा हसू येईल म्हणून. ते हसले नाहीत.

"ती राख तिच्या घरातली आहे, मीनलताई," ते म्हणाले. "तुम्हाला बोलली नाही ती?"

नाही बोललीस. विलासरावांच्या घोरण्याबद्दल बोललीस, तुझ्या नणंदेच्या हट्टाबद्दल बोललीस, मेनोपॉजबद्दल तर बसमध्ये मोठ्याने बोललीस. हे नाही बोललीस.

त्यांनी सांगितलं ते असं. तू लहान असताना तुमचा जमिनीचा एक तुकडा होता, आणि बियाण्याच्या ज्वारीचं एक मडकं. ज्वारीत राख कालवलेली, वर कडुनिंबाचा पाला, तोंड शेणमातीने लिंपलेलं. पेरणीपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही, घरात काही असो नसो. दुष्काळ पडला. वडील कामाच्या शोधात गेलेले, धाकटी बहीण तापाने फणफणलेली, आणि घरात दाणा नाही. तुझ्या आईने मडक्याचं ते तोंड फोडलं. राख धुतली, ज्वारी दळली, भाकरी केल्या. तुम्ही खाल्ल्या. बहीण वाचली. पुढचा पाऊस चांगला झाला, पण पेरायला काही नव्हतं. जमीन तशीच पडली, आणि तुम्ही औरंगाबादला आलात ते परत गेलाच नाहीत. गाव सुटलं ते त्या मडक्यापायी.

"ती म्हणायची," विलासराव म्हणाले, "त्या भाकरीची चव फार छान लागली होती. तेच तिला सहन व्हायचं नाही."

मी चहा तसाच ठेवला. तुझी म्हातारी टोपली धरून का बसते, हे मला तेव्हा कळलं. तुमच्या घरात बंदूक घेऊन कोणी आलं नव्हतं. बियाणं तुमचं तुम्हीच खाल्लंत, आणि तरी गाव गेलंच. मग जिथे कोणी ते हिसकावून नेलं, त्या घरांचं काय झालं असेल, हे तुला कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. तू मला एकदा जरी हे सांगितलं असतंस, तर मी चटई आणलीच नसती. बहुधा म्हणूनच सांगितलं नसशील. दयेने जिंकणं तुला कधी चाललं नाही.

पण मीही तुला एक सांगितलं नाही. माझा शेवट कुठून आला, ते. मी स्लाऊला आले त्या पहिल्या हिवाळ्यात माझा नवरा अभय बेसिंगस्टोकला नोकरीला जायचा, अंधारात निघायचा आणि अंधारातच परतायचा. मी दिवसभर गॅस हीटरपाशी बसून टोस्ट खायचे. स्वयंपाक करायची इच्छाच मेली होती, कोणाशी बोलल्यावाचून जीभ जड झाली होती. लायब्ररीत तू भेटलीस. माझ्या हातातलं मराठी मासिक बघून म्हणालीस, "जेवलीस का?" नाव विचारायच्या आधी. दुसऱ्या दिवशी दारात उभी होतीस, फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि ठेचा घेऊन. मी तुझ्यासमोर बसून रडत रडत खाल्लं, ठेच्यामुळे रडतेय असं सांगून. नंतर केव्हातरी तू खट्याळपणे विचारलंस, आमच्या घरचं जेवलीस ते सासूबाईंना सांगितलंस का? मी म्हटलं, सांगितलं, त्या म्हणाल्या भाकरी नीट भाजली होती ना. तू हसलीस खरी, पण बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलीस.

तेव्हा ती चटई, ते गोल बसणं, ती मोडलेली भाकरी, हे सगळं तूच होतीस, सुनंदा. मी तुझ्याशी भांडत होते ते तुझ्याच बाजूने. कोणीतरी परक्या मुलखात उपाशी उतरतं आणि तिथलं कोणीतरी त्याला वाढतं, यावर माझा विश्वास बसला तो तुझ्या हातचं खाऊन. आणि तू म्हणत होतीस की वाढणाऱ्याचं पुढे काय होतं, ते बघ.

शेवटच्या तालमीला इशाने टोपली घ्यायला नकार दिला. टोपी काढून माझ्यासमोर उभी राहिली.

"मीनलमावशी, मला नाही घ्यायचा ती बास्केट. इट्स मीन. सुनंदामावशी आता नाहीये, तर आपण चेंज करू शकतो ना?"

हे माझंच म्हणणं होतं, अगदी शब्दशः. मुलं माझ्याकडे बघत होती. हो म्हटलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं.

"घ्यायची," मी म्हटलं.

"पण का?"

"कारण त्याने घेतली होती."

तिचे डोळे भरले. तिने टोपी पुन्हा घातली आणि जागेवर जाऊन उभी राहिली. एका चांगल्या मुलीला मी हिसकावून घ्यायला शिकवत होते, आणि तू जिथे उभी राहायचीस तिथे, विंगेच्या खांबापाशी, कोणी नव्हतं.

रविवारी नाटक झालं. अनन्या शिंकली नाही. "हे पुढच्या वर्षीचं आहे," ती म्हणाली, आणि इशाने दोन्ही हातांनी टोपली ओढून घेतली, तिच्याकडे न बघता. राख तिच्या कोटावर सांडली. अंधार झाला. टाळ्या आल्या नाहीत. अंधारात एक लहान बाळ तेवढं रडत होतं, आणि कुणीतरी दिवे लावा, दिवे लावा म्हणत होतं. विलासराव पहिल्या रांगेत होते. दिवे लागले तेव्हा ते खाली मान घालून चष्मा पुसत होते.

मग वड्यांच्या रांगेत परांजपेकाकांनी मला गाठलं. काका मंडळाच्या पहिल्या लोकांपैकी, आपल्या कितीतरी आधी इथे आलेले. रागावले नव्हते, दुखावले होते.

"मीनल, तुला म्हणून सांगतो. मुलांच्या नाटकाला इतका काळा शेवट कशाला? आम्हीही असेच आलो होतो इथे, एक बॅग घेऊन. शेजारच्या मिसेसनी सूप दिलं होतं पहिल्या दिवशी. शेवटी दोघांनी एकत्र बसून जेवायला काय हरकत होती?"

सुनंदा, ते सगळं माझं होतं. चटईसकट. मी तोंड उघडलं ते हो म्हणायला, आणि माझ्या तोंडून तू बोललीस.

"काका, सूप मागितलं तर कोणीही देईल. तुम्ही त्यांचं बियाणं मागितलं नव्हतंत. बियाणं मागितलं की माणूस पाहुणा राहत नाही."

मी बोलत राहिले. दुष्काळ, मका, झाडांची वर्तुळं, टोपली, सगळं. तुझ्यासारखं हात वर करून बोलले असेन, कारण काका एक पाऊल मागे सरकले. "असेल बुवा," ते म्हणाले, "तू म्हणतेस तर असेल." कप टेबलावर ठेवला आणि कोट शोधायला गेले.

म्हणजे मी जिंकले. तुझ्या बाजूने, तुझ्या शब्दांत, पहिल्याच फटक्यात. तुला माझ्याशी एवढे महिने लागले होते. आता माझ्या बाजूने एकटे परांजपेकाका उरलेत, आणि त्यांना ती नीट मांडता येत नाही. ती मला फक्त तुझ्यासमोर मांडता यायची. मी येऊन तुझ्या बाजूला उभी राहिलेय, सुनंदा, आणि तिथे तू नाहीस.